मागचा डावा पाय

१

शुक्रवारी दुपारी चारच्या सुमाराला दोघी बहिणी मैदानाच्या फाटकाशी पोचल्या, तेव्हा धाकटीच्या गाडीमागे ती पेटी डुलत डुलत येत होती. पेटी म्हणजे चाकांवरचा घडीचा तंबू. मिटलेला असला की कमरेइतक्या उंचीची पत्र्याची पेटी. उघडला की कापडाचं छप्पर उभं राहायचं, दोन्ही बाजूंना एकेक पलंग बाहेर सरकायचा, आणि मधे एक टेबल, एक शेगडी आणि दोघींनी एकमेकींना 'सरक की जरा' म्हणण्याइतकी जागा उरायची. धाकटीने तो जुनाच घेतला होता आणि ताईला न विचारता घेतला होता. ती प्राथमिक शाळेत शिकवायची, त्यामुळे जगाला विचारण्यापेक्षा ओळीत उभं करण्याकडे तिचा कल जास्त.

थोरली फरशी बसवायचं काम करायची. सव्वीस वर्षं. कामावरचे सगळे तिला 'वस्ताद' म्हणत आणि त्यात थट्टा नव्हती. एखाद्या दालनाची फरशी पुरी झाली की ती चपला काढून अनवाणी एक चक्कर मारायची, आणि कुठली फरशी खालून भरीव बसलीय, कुठली पोकळ राहिलीय, हे तिचे तळपाय सांगायचे. इतर लोक मुठीने ठोकून बघत. तिला ठोकायची गरज पडत नसे.

मग आठ महिन्यांपूर्वी ताप आला, उतरला, आणि जाताना डाव्या कानातला तोल घेऊन गेला. पायाखालची जमीन सरकली असं माणसं एरवी उगाच बोलतात. थोरलीच्या पायाखालची खरोखर सरकली आणि रोज सरकत राहिली. हळूहळू चक्कर कमी झाली, भिंत धरून चालणं सुटलं, पण एक गोष्ट काही केल्या जाईना. तिला सगळंच पोकळ लागायचं. घरातली जमीन पोकळ, रस्ता पोकळ, दवाखान्याची पायरीसुद्धा पोकळ. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "कान आता बरा आहे. तुमच्या पायांना अजून पटलेलं नाही, इतकंच. शंका आली की डोळ्यांचं ऐका."

पण फरशीवालीने पायांचं ऐकायचं नाही तर मग तिने करायचं काय? तिच्या ठेकेदाराकडे ग्रंथालयाच्या जुन्या इमारतीतलं मोठं दालन आलं होतं. तिच्यासाठी त्याने ते दोन आठवडे अडवून धरलं होतं. रविवारी संध्याकाळपर्यंत हो की नाही ते सांगायचं होतं. 'नाही' म्हणायचं तिचं जवळजवळ ठरलं होतं, आणि ते एकदा म्हटलं की कायमचं, हेही तिला ठाऊक होतं. धाकटीलाही ठाऊक होतं. ही दोन दिवसांची सहल त्याचसाठी होती, पण दोघींपैकी कुणीच तसं बोलत नव्हतं.

मैदान चढउताराचं होतं. त्यांच्या वाट्याला कुंपणालगतचा कोपरा आला. जागा सुंदर, समोर तळं, पण मागे डावीकडे जमीन खचल्यासारखी खाली गेलेली.

"हे सरळ करायचं म्हणजे नाकी नऊ येणार," धाकटी म्हणाली.

"तू गप. हे माझं काम आहे," थोरली म्हणाली, आणि आठ महिन्यांत पहिल्यांदा तिच्या आवाजात वस्ताद आली.

खालच्या बाजूचं चाक फळीवर चढवलं, चाकांना अडण्या लावल्या, पुढचं छोटं चाक फिरवून पेटीचं पुढचं टोक वर घेतलं. मग पेटीच्या चार कोपऱ्यांचे चार लोखंडी पाय हँडल फिरवून खाली सोडायचे. तीन पाय टेकले. मागचा डावा लोंबकळतच राहिला. थोरलीने घरून लाकडाची बारा फळकुटं कापून आणली होती, सगळी एका मापाची. तिच्या सवयीप्रमाणे प्रत्येकाचा एक कोपरा पटाशीने छाटलेला, हाताला टोचू नये म्हणून.

"मी वर बघते, तू खाली बस. आणि लक्षात ठेव, वरचा 'बास' म्हणेपर्यंत खालच्याने हात काढायचा नाही. अंगठा बाहेर ठेव, नाहीतर चेचला जाईल."

"हो वस्ताद."

थोरली आत गेली आणि तिने जमिनीवर पाणसळ ठेवली. लाकडी पट्टी, मधे काचेची नळी, नळीत हवेचा बुडबुडा. तिला काम शिकवणाऱ्या वस्तादांनी दिलेली. "अजून," ती म्हणाली. बाहेर लाकूड लाकडावर बसलं. "अजून." बुडबुडा सरकत सरकत मधोमध आला. आता पाणसळ खरी बोलते का ते बघायचं, म्हणजे तिची टोकं उलटी करून त्याच जागी ठेवायची. ती झटकन वाकली आणि सगळा तंबू तिच्याभोवती एक गिरकी घेऊन गेला. पलंगाची कड धरून ती खाली बसली. थोड्या वेळाने धाकटी आत डोकावली, तिचा पांढराफटक चेहरा पाहून धावत आली आणि पाणी दिलं.

"बुडबुडा बघ," थोरली डोळे मिटून म्हणाली.

"मधोमध आहे, ताई. अगदी मधोमध."

२

चहा झाल्यावर, धाकटी तळ्याकडे गेलेली असताना, थोरलीने चपला काढल्या.

सवयच ती. तंबूची जमीन म्हणजे प्लायचा तुकडा, चार पावलं लांब. पहिलं पाऊल, दुसरं, तिसरं. सगळं पोकळच लागणार हे ती धरूनच चालली होती, आणि लागलंही, रोजच्यासारखंच, अंधुक. पण चौथं पाऊल मागच्या डाव्या कोपऱ्यावर पडलं तेव्हा ती थबकली. हे निराळं होतं. हे रोजचं पोकळ नव्हतं. हे पूर्वीचं, कामावरचं, स्वच्छ पोकळ होतं, जसं एकाच फरशीखालचा सिमेंटचा मसाला सुटला की लागतं.

तिने पाय उचलला, पुन्हा ठेवला. तेच.

तिने पाणसळ ठेवून पाहिली. बुडबुडा मधोमध. डोळ्यांचं ऐका, डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. ती बाहेर जाऊन वाकून बघून आली. पायाखाली दोन फळकुटं, एकावर एक, नीट. खाली गवत, गवताखाली माती. पेटी जमिनीपासून वीतभर वर असते, तिची जमीन पोकळ लागणार नाही तर काय लागणार! तिला स्वतःचंच हसू आलं. तरी पण आधीच्या तीन पावलांना तसं का लागलं नाही, हे तिने स्वतःला विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर द्यावं लागलं असतं.

रात्र शांत गेली. थोरलीने उजवीकडचा पलंग घेतला. कारण सांगितलं नाही.

३

शनिवारी सकाळी दात घासता घासता तिची नजर सहज खाली गेली. मागच्या डाव्या पायाखाली तीन फळकुटं होती.

धाकटी चहा करत होती, गुणगुणत. थोरलीने आत जाऊन पाणसळ पाहिली. मधोमध. म्हणजे पहाटे कोपरा थोडा बसला असणार, धाकटीच्या ते लक्षात आलं असणार, आणि ताईला उगाच धास्ती नको म्हणून तिने गुपचूप आणखी एक सरकवलं असणार. थोरलीला भरून आलं. हिला साधा खिळा ठोकता येत नाही आणि पहाटे उठून ही माझ्यासाठी चिखलात बसली. आपण ओळखलंय हे तिला कळू द्यायचं नाही, असं थोरलीने ठरवलं.

"बरं वाटतंय ना आता?" धाकटीने कप देताना विचारलं आणि कौतुकाने तिच्याकडे पाहिलं.

"हो, एकदम सरळ वाटतंय," थोरलीही तशीच पाहून म्हणाली.

नाश्त्यानंतर मैदानाची मालकीण फेरी मारायला आली. गुडघ्यापर्यंत रबरी बूट, हातात काठी, आवाज मैदानाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल असा.

"कसं काय? जागा आवडली?"

"छान आहे," थोरली म्हणाली. "जमीन मात्र जरा वाकडी."

"वाकडी म्हणजे काय, पार वाकडी! पण गंमत सांगू? या कोपऱ्यात कुणाची गाडी कलली असं मी आजतागायत ऐकलं नाही. वरच्या बाजूला लोक रोज उठून ठाकठोक करतात. इथले एकदा लावतात की झालं. त्यांना उठायलाच नको." ती काठी टेकत पुढे गेली.

धाकटी हसली. "बघ, नशीब काढलं आपण."

थोरलीही हसली, पण तळपायात कसंतरी झालं. तिने पाय चपलांत घट्ट रोवले.

४

दुपारी जेवणानंतर धाकटी पाण्याची कॅन घेऊन नळावर गेली. नळ मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला. थोरली पलंगावर आडवी झाली. कापडातून गाळून आलेला पिवळसर उजेड, बाहेर एक माशी, लांबून कुणाच्या तरी रेडिओचा आवाज. डोळा लागणार एवढ्यात पेटीच्या खालून आवाज आला.

टक. टक.

लाकूड बसवलं की हातोडीच्या दांड्याने दोनदा हळूच ठोकतात, तसा. एकदा बसवायला, एकदा खात्री करायला. थोरलीने शेकडो वेळा ठोकलं होतं, शिकाऊ पोरींना तस्संच ठोकायला शिकवलं होतं.

"अगं, राहू दे ना आता!" ती पडल्या पडल्या म्हणाली. मग तिने मान वळवली आणि जाळीच्या खिडकीतून बाहेर पाहिलं. धाकटी लांब नळाशी उभी होती, एका हाताने कॅन धरून दुसऱ्या हाताने कुणाशी तरी बोलत होती. हातवारे करून बोलायची तिची खोड मैलावरूनही ओळखू आली असती.

थोरली पलंगावर उठून बसली. मग तिने नेहमीप्रमाणे स्वतःशीच वाद घालायला घेतला. उन्हाने लोखंड तापतं, ताणतं, टकटकतं. कापडाच्या दोऱ्या सैल होतात. शिवाय डावा कान. त्याने आठ महिन्यांत काय काय नाही ऐकवलं, शिट्ट्या काय, समुद्र काय. कारणं चांगली होती, भक्कम होती. एखाद्या शेजारणीने सांगितली असती तर तिने लगेच मान डोलावली असती.

ती उठली, बाहेर गेली आणि वाकली. पाच फळकुटं. कडेला कड लावलेली, कुठे केसभर पुढेमागे नाही. आणि पेटी तसूभरही वर आलेली नव्हती. म्हणजे दोनाची पाच झाली तेवढी जमीन त्या पायाखालून खाली गेली होती. आत बुडबुडा मधोमध बसून होता, जणू काही झालंच नाही.

५

धाकटी पाणी घेऊन आली तेव्हा थोरली लाकडाची पिशवी मांडीवर घेऊन पायरीवर बसली होती.

"खरं सांग. मी रागावणार नाही. तू खाली किती फळकुटं घातलीस?"

"दोन. काल. तुझ्यासमोर."

"आणि नंतर?"

"नंतर काय? नंतरची तर तू घातलीस ना?" धाकटीने कॅन खाली ठेवली. "मी सकाळी बघितलं, एक जास्त होतं. म्हटलं, ताईने मला न सांगता काम केलं. इतका आनंद झाला मला! मुद्दामच बोलले नाही. म्हटलं, बोलले तर ही लगेच लाजून बंद करेल."

एरवी यावर दोघी पोट धरून हसल्या असत्या.

थोरलीने पिशवी उपडी केली. दहा फळकुटं. धाकटीने ती पुन्हा मोजली, शाळेत पोरं मोजतात तशी, बोट लावून. दहाच. बारातली दोन गेलेली, बाकीची सगळी इथे. मग दोघी मागे गेल्या. वरचं फळकूट थोरलीचं होतं, नव्या पिवळ्या लाकडाचं. त्याच्या खालचंही. त्यांच्याखाली जी होती ती काळी होती, ओली, वर्षानुवर्षं पाण्यात राहिल्यासारखी. पण माप तेच होतं. आणि प्रत्येकाचा एक कोपरा छाटलेला होता, थोरलीच्या पटाशीच्याच तिरकेपणाने.

एवढंच नव्हतं. बोलता बोलता ती पाचाची सात झाली होती, आणि ते घडताना दोघींपैकी कुणालाच दिसलं नव्हतं.

"मालकीणबाई," धाकटी म्हणाली. तिचा आवाज शाळेतला राहिला नव्हता. "त्यांनीच केलं असणार. थांब, मी विचारून येते."

ती जवळजवळ पळतच गेली आणि चालत परत आली.

"त्या म्हणाल्या, त्यांचा गुडघा गेल्या सहा वर्षांत वाकलेला नाही."

६

थोरलीने हातोडी काढली. उलटी धरून दांड्याने पुढच्या उजव्या पायाजवळची जमीन ठोकली. बद्द आवाज. भरीव. पुढचा डावा, भरीव. मागचा उजवा, तिथे मात्र आवाज जरासा लांबला. मग ती मागच्या डाव्या कोपऱ्याशी गुडघे टेकून बसली. तिथे ठोकायला हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. ठोकायची गरज नव्हती. गुडघ्यांनासुद्धा कळत होतं.

"आपण निघू या," ती म्हणाली.

"ताई, आत्ता? सगळं मांडलंय. पाणसळ बघ ना, इतकी सरळ तर आपल्या घराची जमीनही नसेल."

"पाणसळ सपाटी सांगते. खाली काय आहे ते तिला कळत नाही."

"आणि तुला कळतं?" धाकटी बोलून गेली आणि तिने जीभ चावली. पण बोललेलं परत घेता येत नाही. आठ महिने जे दोघी टाळत होत्या ते उघड्यावर येऊन पडलं. थोरली म्हणाली असती, की नाही, मला नाही कळत, मला तर दवाखान्याची पायरीही पोकळ लागते, तर तेही खरंच होतं. ते म्हणणं सोपं होतं. म्हटलं असतं तर दोघी मुकाट्याने चहा पिऊन इथेच झोपल्या असत्या, आणि रविवारी ठेकेदाराला 'नाही' कळवलं असतं.

"मला कळतं," थोरली म्हणाली. "रोजचं वेगळं असतं, हे वेगळं आहे. काल संध्याकाळीच कळलं होतं, मीच ऐकलं नाही. माझे पाय सांगतायत, इथे खाली काही नाही. तुला नाही पटलं तरी चालेल. पण चल."

धाकटीने एकदा तंबूकडे पाहिलं, एकदा ताईकडे. मग ती आत गेली आणि गाद्या गुंडाळायला लागली. थोरलीला तेव्हा जे वाटलं ते भीतीपेक्षा मोठं होतं. तिचे डोळे भरून आले, पण रडायला वेळ नव्हता.

अर्ध्या तासात पेटी मिटली. गाडी मागे घेऊन जोडली. आता चार पाय वर घ्यायचे. पुढचे दोन आले, मागचा उजवा आला. डाव्याचं हँडल थोरलीने स्वतः धरलं.

तिने एक फेरा दिला. पाय बोटभर वर आला, आणि फळकुटं बोटभर वर आली.

तिला वाटलं, चिकटली असतील. आणखी दोन फेरे. पाय वर, त्याच्यामागे फळकुटंही वर, पायाला लगटून, ना धक्का ना घाई. धाकटीने तोंडावर हात धरला. थोरली फिरवत राहिली. पाय सगळाच्या सगळा वर गेला, पेटीच्या तळाला लागला, आणि लाकडाची ती चळत त्याच्या तळव्याला टेकून उभी राहिली, गवतातून सरळ वर आलेली.

थोरली पोटावर पडली आणि तिने गाल गवताला लावला.

फळकुटं जमिनीवर उभी नव्हतीच. ती जमिनीतून आली होती. त्यांच्याभोवती त्यांच्याच आकाराचं चौकोनी भोक होतं, आत दोन बोटं शिरतील एवढीच फट. ऊन तिरपं होतं, ते त्या फटीतून बरंच खाली जात होतं. दहा, पंधरा, वीस. पुढे मोजता येईनात. सगळी एका मापाची, सगळ्यांचे कोपरे छाटलेले. आणि उजेड जिथे संपत होता तिथे शेवटच्या फळकुटाखाली चार बोटं दिसली. तळहात सपाट, बोटं जुळलेली, अंगठा बाहेर.

तो हात थरथरत होता. थोरलीला ते थरथरणं चांगलं ओळखीचं होतं. जड दगडाचा कोपरा धरून बसलेल्या पोरीचा हात असाच थरथरतो. वरचा काहीतरी करत राहतो, विसरून जातो, आणि खालची धरून ठेवते, कारण तिला तसं सांगितलेलं असतं.

काल आपण म्हटलंच नाही, थोरलीच्या लक्षात आलं. 'अजून' म्हटलं, पुन्हा 'अजून' म्हटलं, मग चक्कर आली. धाकटी आपणहून उठून आली. तो शब्द राहिला.

त्या हाताने आपल्याला रात्रभर तोलून धरलं होतं, की खालची मातीही त्यानेच उपसली होती, हे तिला तेव्हा कळलं नाही आणि पुढेही कधी कळलं नाही. तिचं सगळं अंग पळ म्हणत होतं. तरी तिने तोंड फटीजवळ नेलं आणि कामावरच्या आवाजात, ठाम, पण मायेने म्हणाली, "बास. सोड आता. छान धरलंस."

थरथर थांबली.

मग चळत खाली जायला लागली. धडाधड नाही, एकेक, सावकाश, काम आवरताना सामान उतरवतात तशी. टक. टक. वरची दोन पिवळी फळकुटंही गेली. आवाज खोल गेला, आणखी खोल गेला, आणि ऐकू येईनासा झाला. भोकाच्या कडेची माती आत ढासळली.

"गाडी घे," थोरली उठता उठता म्हणाली. "हळू घे. पण घे."

७

पेटी तिथून वीस पावलं गेली असेल, तेव्हा त्यांच्यामागे जमीन बसली. फारसा आवाज झाला नाही. आधी झोपून उठल्यावर उशीत राहतो तसा खोलगटपणा, मग गुडघाभर, मग तो सगळा कोपरा, जिथे डावा पलंग बाहेर आलेला होता तो, माणूस आत उभा राहील इतका खाली गेला. गवत तसंच हिरवं राहिलं.

मालकीणबाई काठी टेकत आल्या, बघून मटकन खाली बसल्या, आणि त्यांचा गुडघा वाकला हे त्यांच्याही लक्षात आलं नाही. थोरलीने त्यांच्याकडून दोर आणि खुंट्या मागून घेतल्या आणि तो कोपरा स्वतः दोर बांधून बंद केला. खड्ड्याभोवती ती चपला काढून हिंडली. प्रत्येक खुंटी कुठे ठोकायची ते तिने पायाने ठरवलं, आणि ठोकलेली एकही खुंटी हलली नाही. धाकटी मागे मागे दोर घेऊन चालत होती. ती त्या दिवशी एकदाही 'ताई, सांभाळून' म्हणाली नाही.

रविवारी दुपारीच थोरलीने ठेकेदाराला फोन केला.

"कान कसा आहे?" त्याने विचारलं.

"कानाचं मरू दे. दालन कधी मोकळं मिळेल?"

सोमवारी सकाळी ती ग्रंथालयात पोचली तेव्हा दालनात कुणी नव्हतं. जुनी फरशी अजून उखडायची होती. त्यातली कुठली ठेवायची, कुठली काढायची, ते तिने सांगायचं होतं. उंच खिडक्या, धूळ, एका कोपऱ्यात रिकाम्या कपाटांची रांग. थोरलीने दाराशी चपला काढल्या. पोकळ लागलं तर? पहिल्याच पावलाला पुन्हा सगळं पोकळ लागलं तर मैदानातल्या त्या एका दिवसाला काय अर्थ?

तिने भिंतीवरचा हात काढला आणि पाऊल टाकलं.

पाच मिनिटांनी धाकटीचा फोन वाजला. ती वर्गाबाहेर व्हरांड्यात आली. आत पोरं प्रार्थनेच्या नावाखाली गोंधळ घालत होती.

"काय झालं ताई? बोल ना! कशी आहे फरशी?"

"आख्खं दालन फिरले," थोरली म्हणाली. "एक पोकळ निघाली. तिसऱ्या खांबाजवळ."

"एक?"

"एकच."

व्हरांड्यात उभी राहून धाकटी इतकी रडली, की पहिल्या बाकावरची पोरं उठून दाराशी आली.